थोरल्याचा हात

"ओरखडलंस! अरे, गाल आहे माणसाचा, पंपाचा पाइप नाही!"

बाबा ओरडले तेव्हा मी ब्लेड नुसतं टेकवलं होतं. नऊ वर्षं रोज सकाळी मी त्यांची दाढी करतोय आणि रोज हेच ऐकतोय. त्यांची नजर गेली, कान निम्मे गेले, जीभ तेवढी शाबूत. त्या दिवशी मात्र दोष यंत्राचा होता. बाबांचं ते जुनं सेफ्टी रेझर माझ्यापेक्षा वयाने मोठं, पितळेवर निकेलचा मुलामा. आदल्या दिवशी त्यांच्याच हातून मोरीत पडलं आणि ब्लेड एका कडेला वर आलं. ते पडलं, पण बोलणी मला.

त्यातून संध्याकाळी दादा यायचा होता, दोन वर्षांनी. बाबांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

मी यंत्र माझ्या पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपवर नेलं. टोपी, मधली पट्टी, दांडा, सगळं सुटं केलं. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने फटीतला पांढरा थर काढला. शेजारचा वेल्डर डोकावला.

"पॉलिश मार की, सोन्यासारखं चमकेल."

"मुलामा जाईल, शहाण्या. मला ते चमकवायचं नाही, चालवायचंय."

मग पट्टी काचेच्या तुकड्यावर ठेवली. एका कोपऱ्याखालून कागद सरकत होता, म्हणजे तिथे ती वाकली होती. दोन लाकडी ठोकळ्यांत धरून हलके दाबली, परत काचेवर ठेवली, परत दाबली. तीन तास गेले. दुरुस्तीला पडलेल्या पंपाच्या मालकाचे दोन फोन आले, घेतले नाहीत. आट्यांना तेलाचा थेंब दिला, नवं ब्लेड घातलं, दोन्ही कडा सारख्या आल्या. स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलं. लोणी!

म्हटलं, उद्या तरी म्हणतील, "बरी झाली रे." एवढंच हवं होतं मला. जास्त काही नाही.

सकाळी दादा म्हणाला, "आज बाबांची दाढी मी करतो."

आयत्या बिळावर नागोबा! मी यंत्र त्याच्या हातात दिलं. पाच मिनिटांत त्याने उरकलं. बाबांनी गालावरून हात फिरवला.

"याला म्हणतात हात! नऊ वर्षांनी आज दाढी झाली."

दादा नुसता हसला. यंत्र कोणी सरळ केलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत? मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, त्याची चीड अजून येते. यंत्र फेसासकट ओलंच मोरीच्या कट्ट्यावर टाकलेलं होतं. ते मी धुतलं, पुसलं, दांडा अर्धा आटा सैल करून ठेवलं. आट्यांवर ताण राहू नये म्हणून रोजच करतो.

दुपारी बाबांचा डोळा लागला असताना दादा निघून गेला. त्याचा वासाचा साबण मोरीत राहिला. दुसऱ्या दिवशी ग्रीस निघेना म्हणून मी त्यानेच हात धुतले. गालाला फेस लावला, तशी बाबांची कळी खुलली.

"थोरल्या, थांबलास होय रे माझ्यासाठी?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. "हं," म्हणालो.

त्यांनी मान सैल सोडली. माझ्या हातात ती कधीच अशी आली नव्हती.

"धाकट्याचा हात म्हणजे कानस. राबतो, नाही म्हणत नाही मी. पण हातात माया लागते." मी हनुवटीखालून ब्लेड फिरवत होतो. "जाताना हे यंत्र घेऊन जा. त्याला काय किंमत? चार दिवसांत भंगारात घालेल."

"हं."

माझा हात हलला नाही. एवढं सांगतो.

त्यानंतरच्या सकाळी मी तो साबण कचऱ्यात टाकला. नेहमीच्या साबणाने हात धुतले आणि खुर्चीजवळ गेलो. बाबांनी नाक वर केलं.

"थोरला गेला?"

"गेला."

"यंत्र नेलं?"

"नेलं."

तेच यंत्र, तेच ब्लेड मी गालाला टेकवलं.

"मग हे कुठलं?"

"माझं."

"तरीच," बाबांनी तोंड वाकडं केलं. "ओरखडतंय."