साडूसमोर सांगितलेलं भाडं

सोफेवाल्याच्या बायकोचा संताप आठवडा झाला तरी उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक तिच्या शिलाई मशीननं आणि सोफ्याच्या खोळांनी भरलेली. भाडं आठ हजार. मालकानं दारात उभ्या उभ्या छापील कागद नाचवला आणि पुढच्या महिन्यापासून चौदा द्या, नाहीतर खोल्या रिकाम्या करा, असं सांगून तो चालता झाला.

कागद पालिकेचा होता. पालिका दरवर्षी माणूस पाठवून भाडी विचारते, वस्तीची सरासरी छापते, आणि करारातल्या कलमाप्रमाणे भाडं तिथवर चढवायची मालकाला मुभा. या वर्षी पाहणीवाली मुलगी आली तेव्हा नवऱ्याचा साडू घरात बसला होता. नव्या फ्लॅटचं, तिथल्या दोन लिफ्टचं, बाल्कनीतल्या वाऱ्याचं पुराण चाललं होतं. त्याच्यासमोर आठ म्हणायला या गृहस्थांची जीभ रेटेना. पंधरा म्हणाले, आणि वर बायकोलाच चहा टाकायला सांगितला.

तिला तेव्हाच बोलायचं होतं. पण साडूसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचाही तिला आता राग येत होता.

बरं, शहाणा हा एकटाच नव्हता. मुलगी जिन्यात उभी राहून विचारत होती, आणि दारं सगळ्यांची उघडी. पंधरा ऐकून समोरच्या नर्सबाई सोळा म्हणाल्या. वरच्या निवृत्त कारकुनांनी सोळा ऐकलं, त्यांनी सतरा सांगितलं. भाडं कसलं, लिलावच झाला. वस्तीतल्या इतर जिन्यांतही याहून वेगळं काही झालं नसणार.

ती मालकाकडे गेली, खरं काय ते सांगितलं. तो पेपरातून मानही वर न काढता म्हणाला, "आठ देता हे मला सांगता? मीच तर घेतो. पण छापलंय चौदा."

खोटं आहे हे माहीत असून माणूस इतका थंड राहू शकतो, यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पालिकेच्या खिडकीवर तिला कळलं की पंधरा दिवसांत चूक दुरुस्त करता येते. मात्र करारावर ज्याचं नाव त्यानंच लिहून द्यायचं, की मी चुकीचं सांगितलं. बऱ्याच जणांनी दिलं तर आकडा पुन्हा काढतात, आणि लिहून देणाऱ्याची वाढ तोवर थांबते.

ती जिना चढत-उतरत दारोदार फिरली, शेजारच्या जिन्यांतही गेली. नर्सबाईंनी खाली मान घालून सही केली. कारकुनांनी आधी चष्मा शोधला, मग पेन शोधलं, आणि शेवटी लिहिलं: सहा हजार. तशाच दोन खोल्यांचे सहा! तिनं तोही घोट गिळला.

शेवटच्या दिवशी सकाळी एकच कागद कोरा होता, नवऱ्याचा, आणि घराचा करार त्याच्याच नावावर.

"पालिकेत साडूचा मित्र आहे," नवरा म्हणाला. "त्याच्या कानावर जाईल. माझं नाक काय राहील?"

"आणि हे घर?"

"बघू काहीतरी."

बघू! खोळा शिवून बोटांची चाळण झालेली तिची, आणि बघणार हे. ती भांडली नाही. तिनं फोन उचलला, बहिणीला लावला आणि त्याच्यासमोरच बोलली.

"ताई, भाऊजींना सांग. आमचं भाडं पंधरा नाही, आठ आहे. यांनी खोटं सांगितलं होतं. तेवढंही जड जातं आम्हाला."

पलीकडून ताई काहीतरी विचारत होती. नंतर बोलते म्हणून तिनं फोन ठेवला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला दया आली नाही.

तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला.

"नाक गेलं," ती म्हणाली. "आता घर तरी राहू दे. करा सही."