हसुमतीबेनचा पेपर वरच्या मजल्यावर

वढवाणच्या जैन पाठशाळेची वार्षिक परीक्षा रविवारी सकाळी नऊला होती. शनिवारी दुपारी साडेतीन वाजता प्रश्नपत्रिका तयार होती, पण ती हसुमतीबेनच्या टॅबलेटच्या आत होती. कागदावर एक अक्षर उतरलं नव्हतं.

गेल्या वर्षी पेपर फुटला होता. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली एक प्रत रद्दीत गेली, रद्दीतून गाठियावाल्याकडे, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गाठियांसकट तीन घरांत पोचली. परीक्षा रद्द झाली. यंदा पेपर काढायचं काम पहिल्यांदाच हसुमतीबेनकडे आलं. वय अडुसष्ट, शाळा सातवीपर्यंत, सूत्रं मात्र एका मात्रेची चूक न करता पाठ. विश्वस्तांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "पेपर माझ्या घरात छापला जाईल. फुटला, तर पुढच्या वर्षी मला फक्त सतरंज्या घालायला बोलवा."

घरात प्रिंटर होता. मुलाने, निकुंजने, सात वर्षांपूर्वी घेतलेला, जड, कंप्युटरला वायरीने जोडलेला. त्याच दिवशी सकाळी कंप्युटरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला. निकुंज राजकोटला गेला होता.

"बा, कंप्युटर गेला. प्रिंटर ठणठणीत आहे," सून हेत्वी म्हणाली.

"बैल आहे आणि गाडीवान नाही. काय उपयोग?"

"राउटर हाकेल."

हेत्वीने लग्नाआधी चार वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम केलं होतं. तिथे सहा कंप्युटर होते, प्रिंटर एकच, आणि तो सहांपैकी कुणालाच बांधलेला नव्हता. तिने घरचा प्रिंटर फिरवून पाठीकडून पाहिला. रबराच्या झाकणाखाली चौकोनी खाच होती. झाकण सात वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. राउटरच्या खोक्यात हसुमतीबेन सुईदोरे ठेवत. त्या दोऱ्यांखाली राउटरबरोबर आलेली वायर तशीच गुंडाळलेली सापडली. ती जेमतेम दीड हात होती आणि राउटर पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटावर. म्हणून प्रिंटरच उचलून तिकडे आणावा लागला. वायरीचं एक टोक राउटरमध्ये, दुसरं त्या खाचेत. हिरवा दिवा लागला.

"निकुंज तर म्हणायचा, हा वायरचा आहे, वायफायवर चालणार नाही," हसुमतीबेन म्हणाल्या.

"वायरचाच आहे, बा. टॅबलेटपासून राउटरपर्यंत हवेतून जाईल, पुढे वायरीतून."

"म्हणजे निम्मा रस्ता पायी, निम्मा गाडीने."

"तसंच."

टॅबलेटने एक प्रिंटर दाखवला. कंपनीचं नाव ओळखीचं होतं. पुढचा नंबर दोघींपैकी कुणी वाचला नाही. हसुमतीबेनने प्रती अडतीस लिहिल्या आणि बोट दाबलं. छपाईला पाठवलं, असं टॅबलेट म्हणाला. प्रिंटर हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"तुझ्या यंत्राचा आज उपवास दिसतो."

"थोडं थांबा ना, बा."

"थांबायला वेळ कुठे आहे? चार वाजले. माझं सामायिक."

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसणं. तेवढा वेळ संसाराचं बोलणं नाही, विजेच्या वस्तूला स्पर्श नाही. बाईंनी लोकरी आसन घातलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि डोळे मिटले. हेत्वीने प्रिंटर आणि पंखा बंद केला आणि टॅबलेट घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

घर शांत झालं, तसा वरून आवाज यायला लागला. खर्र, खर्र, टक. पुन्हा खर्र, खर्र, टक. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून जयसुखभाईंचा खणखणीत आवाज आला.

"प्रश्न पहिला! पाणी गाळून का प्यावं? तीन कारणं लिहा! वृष्टी बेटा, सांग बघू. एक कारण तर आपली टाकीच आहे!"

हसुमतीबेनचे डोळे उघडले.

आतल्या खोलीत हेत्वीचंही लक्ष टॅबलेटच्या वरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे त्यांच्या वायफायचं नाव नव्हतं, जयसुखभाईंचं होतं. दोन महिन्यांपूर्वी घरचं इंटरनेट बंद पडलं, तेव्हा वरचा पासवर्ड मागून घेतला होता. या इमारतीत विरजण आणि पासवर्ड कुणी कुणाला नाकारत नसे. टॅबलेटने तो लक्षात ठेवला होता आणि पेपर इमानदारीने वरच्या प्रिंटरला नेऊन दिला होता. वृष्टी म्हणजे जयसुखभाईंची नात. वय अकरा. परीक्षेला बसणाऱ्या अडतिसांपैकी एक.

हेत्वी पुढच्या खोलीत आली. सासूबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि नवकार मंत्र एरवीपेक्षा तिप्पट मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. हेत्वी अनवाणीच जिना चढली.

वर जयसुखभाई आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता. "ये, ये! बघ काय मजा. मशीन आपलं आपणच छापत सुटलंय. मध्ये कागद संपला, तर मी नवा भरला."

"काका, तो उद्याचा पेपर आहे!"

"कुणाचा?"

"पाठशाळेचा! बाचा!"

"अरे देवा. मी सातव्या प्रश्नापर्यंत आलो."

"मोठ्याने?"

"मनात वाचलं की मला झोप येते गं."

हेत्वीने प्रिंटरचं बटण बंद केलं. गॅलरीच्या टोकाला वृष्टी भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही कानांत बोटं घालून ती ओरडत होती, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन! एकोणतीस आठे दोनशे बत्तीस!"

हेत्वीने खांद्याला हात लावल्यावर ती थांबली. "दीदी, पहिला प्रश्न ऐकला. शपथ, तेवढाच. पेपर आहे हे कळलं तसे मी पाढे सुरू केले. दादाजी थांबेचनात, मग मी सतराच्या पाढ्यापासून इथवर आले."

छापलेले एकेचाळीस कागद घेऊन तिघं खाली आले आणि हसुमतीबेनच्या समोर ओळीने बसले. वाळू अजून निम्मीच पडली होती. वीस-बावीस मिनिटं कुणी बोललं नाही. जयसुखभाईंना ते जड जात होतं. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा वृष्टीने त्यांना कोपराने ढोसलं.

शेवटचा कण पडला. बाईंनी सामायिक विधीप्रमाणे पूर्ण केलं, आसनाची घडी घातली, आणि मग वृष्टीकडे पाहिलं. वृष्टीने काही न लपवता सगळं सांगितलं.

"एकोणतिसाचा पाढा पूर्ण येतो?" हसुमतीबेनने विचारलं.

"आजच आला."

"मग तुझी परीक्षा आहे. पहिला प्रश्न बदलेन, बाकी पेपर तोच राहील." त्या जयसुखभाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही!"

"काचकूच नाही करत, मी दोषी. पण पेपर मजेचा आहे हं, हसुमतीबेन. मलाही बसवा ना उद्या."

"सात प्रश्न वाचलेल्या माणसाला? तुम्ही बाद. उद्या पर्यवेक्षक म्हणून या. नऊ ते अकरा. अडतीस मुलं, मध्ये तुम्ही, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"दोन तास?"

"दोन तास."

वृष्टी आधी हसली, मग हेत्वी, मग हसुमतीबेनला स्वतःलाच आवरेना. जयसुखभाई काहीतरी म्हणणार होते. नातीने त्यांना हाताला धरून जिन्याकडे नेलं.

अक्षर उमटलेला कागद फाडत नाहीत, म्हणून ते एकेचाळीस कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं. हसुमतीबेनने गॅलरीत बसून एका बोटाने नवा प्रश्न लिहिला. हेत्वीने टॅबलेटला वरच्या घराचा पासवर्ड विसरायला लावलं, घरच्या वायफायशी जोडलं आणि या वेळी प्रिंटरचा नंबर पाठीवरच्या पट्टीशी एकेक आकडा ताडून पाहिला. पेपरच्या शेवटी तिने सासूला न विचारता एक ओळ वाढवली.

"दाबा, बा."

क्षणभर काही झालं नाही. मग चपलांच्या कपाटाशेजारी ते धूड घुमायला लागलं, आणि पहिला कागद गरमागरम बाहेर आला. हसुमतीबेनने तो दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला, चष्मा चढवून वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"हे काय? माझं नाव?"

"पेपर तुम्हीच काढलाय ना."

मागे कागदावर कागद पडत होते. हसुमतीबेनने ती ओळ पुन्हा वाचली.

"अक्षर थोडं मोठं नसतं का करता आलं?" त्या म्हणाल्या.