दोघांसाठी एक घर

ताई दोन पिंजरे घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच खरं म्हणजे नाही म्हणायला हवं होतं. पण ताई ही नणंद, आणि तीही थोरली. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलेलं. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याची आजारपणं सगळं तिनं एकटीनं काढलेलं. अशा बहिणीला भाऊ नाही म्हणणार नव्हता. आणि जिथे भाऊ गप्प, तिथे भावजयीनं तोंड उघडायचं म्हणजे फुकटचा वाईटपणा घ्यायचा.

"थोडे महिने गं फक्त," ताई म्हणाली. दूरच्या देशात तिला नोकरी लागली होती. "तिकडे बस्तान बसलं की घेऊन जाते दोघांना."

एका पिंजऱ्यातून मुकादम बाहेर आला. राखाडी रंगाचा, रुंद डोक्याचा बोका. त्यानं आल्या आल्या सगळ्या खोल्यांची पाहणी केली आणि खिडकीखालची खुर्ची ताब्यात घेतली, जणू घराचा भाडेकरार त्याच्याच नावावर होता. दुसऱ्या पिंजऱ्यातली चिमटी मात्र नावासारखीच चिमूटभर. ती जी कपाटामागे गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आली. तीही मुकादम कपाटाजवळ जाऊन बसला तेव्हा.

भावजय दातांच्या कवळ्या बनवायची. ओळखीपाळखीत तिचं नावच 'दातवाली' पडलं होतं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, वरचा चावा खालच्याशी जुळतोय का बघायचं, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करायच्या. मांजरांचं तिला वेड नव्हतं. पण पदरी पडलं पवित्र झालं, म्हणून ती करत गेली. शी-शूची रेती बदलणं, पाणी बदलणं, चिमटीच्या कानातलं औषध. आणि करता करता तिला कळायला लागलं की मुकादम आधी चार घास खातो, मग बाजूला होतो, आणि चिमटी खात असेपर्यंत दाराकडे तोंड करून बसतो. असं तो रोज करायचा.

घोडं अडलं ते नवऱ्याच्या छातीशी. लहानपणी गेलेला दमा परत आला. आधी सकाळची खोकल्याची उबळ, मग जिना चढताना लागणारी धाप, मग खिशात कायमचा पंप. डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारलं आणि मान हलवली.

"पंप आहे ना," नवरा म्हणाला. "ताईनं माझ्यासाठी काय काय केलंय, आणि मी तिची दोन मांजरं सांभाळू शकत नाही?"

"तू सांभाळ. पण श्वास घेऊन सांभाळ," दातवाली म्हणाली. "पडून झोपलेलं बघितलेलं नाही मी तुला कितीतरी दिवसांत. उशा लावून बसलेला असतोस."

ताईचे थोडे महिने संपून वर्ष उलटलं होतं. शेवटी दातवालीनंच फोन लावला. ताई म्हणाली, "इथल्या घरात प्राणी चालत नाहीत गं. मी सांगणारच होते. देऊन टाक कुणाला तरी. चांगलं घर बघ म्हणजे झालं."

म्हणजे झालं! मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. दातवाली दोन वयस्कर मांजरांसाठी सात घरं फिरली आणि सगळीकडून हात हलवत परत आली. एका गोदामवाल्याला उंदीर मारायला मांजरं हवी होती, खायला घालायची त्याची तयारी नव्हती. "भुकेलं मांजरच काम करतं," तो म्हणाला. एका गृहस्थांना मुलीच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती. त्यांनी चिमटीला उचलून पाहिलं आणि विचारलं, "याहून लहान नाही का?" जणू चपलांच्या दुकानात आले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर केस कापणारी बाई होती, मनानं चांगली. तिनं चिमटीला नेलं. एकटीलाच, कारण दोघं तिला झेपणारी नव्हती. त्या आठवड्यात चिमटी तिच्याकडे आरशामागे बसून राहिली, आणि इकडे मुकादम खोलीखोलीतून ओरडत फिरला. एवढा मोठा बोका आणि आवाज पिल्लासारखा. बाईनं चिमटीला परत आणलं तेव्हा तिचेच डोळे भरले होते. "घोटभर दूधसुद्धा प्यायली नाही हो," ती म्हणाली.

मग दातवाली दोघांना घेऊन प्राण्यांच्या निवाऱ्यात गेली. एकावर एक पिंजरे, प्रत्येकातून दोन डोळे. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी काही लपवलं नाही. "ठेवून घेईन मी. पण इथे येणारा माणूस पिल्लू शोधत येतो. आठ-नऊ वर्षांच्या मांजराकडे कुणी वळून बघत नाही. आणि दोघांना एकत्र तर नाहीच."

दातवाली दोन्ही पिंजरे घेऊन बसमधून परत आली. तिच्या मनात आलं, आपण प्रत्येकाला नाही म्हणतोय. गोदामवाला नको, वाढदिवसवाला नको, निवारा नको. कुणी सांगितलं होतं एवढं चोखंदळ व्हायला? ही मांजरं तर आपली नव्हेतच. पण इतके नकार देता देता ती आपली झालीच होती, तिला पत्ता न लागता.

त्याच सुमारास एक निवृत्त बसड्रायव्हर तिच्या कवळ्यांच्या कारखान्यात आले. खालची कवळी टोचते म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्यांना थेट तिच्याकडेच पाठवलं होतं. ती कवळी घासत होती, तोवर ते स्टुलावर बसून राहिले. तिच्या बाहीला चिकटलेला राखाडी केस त्यांनी पाहिला.

"मांजर आहे घरी?" दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर आले.

"दोन आहेत काका. न्यायची आहेत का?" ती थट्टेतच म्हणाली.

काका हसले नाहीत. "आमची होती एक. सतरा वर्षं जगली. ती गेल्यावर आमच्या हिनं सांगितलं, आता पुन्हा नको. आपलं वय झालं, आपल्यामागे त्यांचं काय?"

सगळ्यांनी मांजराचा रंग विचारला होता, वय विचारलं होतं, रेतीचा वास येतो का विचारलं होतं. आपल्यामागे त्यांचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. दातवालीनं कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, एकदा काकूंशी बोलू का मी?"

काकूंनी चहा दिला, पण हो म्हणाल्या नाहीत. तळमजल्यावरचं घर, मागे छोटं अंगण, भोवती उंच भिंत. दातवालीनं सगळं सांगितलं. नवऱ्याचा दमा, आरशामागे बसलेली चिमटी, तिचं कानाचं औषध, मुकादमचा हट्टीपणा. काहीच लपवलं नाही, कारण परत आलेलं मांजर आधीपेक्षा जास्त घाबरतं हे तिनं पाहिलं होतं.

"ठेवू आम्ही," काकू शेवटी म्हणाल्या. "पण उद्या आमच्यापैकी कुणाचं काही झालं, तर तू येऊन दोघांना नेशील का? इकडेतिकडे नको टाकायला. शब्द दे मला."

दातवालीनं कप खाली ठेवला. मांजरं द्यायला आली होती, आणि इथे उलट तिच्याचकडे शब्द मागितला जात होता. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. कोण बघायला येणार होतं? पण तिला ते खोटं बोलवेना. "मला घरी विचारावं लागेल," ती म्हणाली आणि उठली.

नवऱ्यानं ऐकून घेतलं. "मग काय अडलंय? वेळ आली तर पुढची खोली त्यांना देऊ, दार बंद ठेवू. तोवर मला औषध बदलून मिळेल, नाहीतर आपण घर बदलू. दे शब्द."

दुसऱ्या दिवशी तिनं शब्द दिला आणि मांजरंही दिली. मुकादमनं अंगणाची पाहणी करून पायरीवर बैठक मारली. चिमटी पलंगाखाली गेली, आणि या खेपेला मुकादम जाऊन तिच्याशेजारी बसला. महिन्याभरात ती काकूंच्या पायावर झोपायला लागली. नवरा रात्री आडवा होऊन झोपायला लागला. घर इतकं स्वच्छ झालं की दातवालीला ते परक्यासारखं वाटायचं.

आणि वरातीमागून घोडं यावं तशी ताई आली. नोकरी सोडून, कायमची. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिनं घर घेतलं होतं आणि तिथे प्राणी चालत होते.

"मला माझी मांजरं दे," ती म्हणाली.

"ताई, तुम्हीच म्हणालात देऊन टाक."

"म्हणाले होते. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता आहे."

दातवालीनं काकांना फोन केला. काका म्हणाले, "या की. त्यांचीच आहेत ती."

काकांनी दोघींना दार उघडलं, तशी ताई उंबऱ्याशीच खाली बसली आणि तिनं जुनी हाक मारली, जिभेचा टकटक आवाज करून. मुकादमनं पायरीवरून मान वळवून पाहिलं आणि तिथेच बसून राहिला. पण चिमटी पलंगाखालून आली, वाकडीतिकडी धावत, आणि ताईच्या मांडीत शिरली. ताई रडायला लागली. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

"न्या," काका म्हणाले. "पण दोघांना न्या. एकीला नेऊ नका."

ताई मुकादमजवळ गेली, त्याला उचलायला वाकली. त्यानं अंग चोरलं, उतरून अंगणात गेला आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. चिमटीनं ताईच्या कुशीतून तिकडे पाहिलं आणि सुटायची धडपड सुरू केली. ताईनं तिला सोडलं. ती धावत मुकादमकडे गेली आणि त्याला घासून बसली. ताई बघत राहिली.

"राहू दे," ताई म्हणाली.

बसस्टॉपवर मात्र तिचा धीर सुटला. "तू ठेवली असतीस तर आज माझी असती," ती म्हणाली.

"हो," दातवाली म्हणाली. "आणि तुमचा भाऊ उशांना टेकून बसलेला असता." ताई बसमध्ये चढली, मागे वळून न पाहता.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. चिमटी पुन्हा पलंगाखाली गेली होती. जेवत नव्हती, दाराकडे बघत होती. "रागावू नकोस बाळा, पण काही दिवस कुणी येऊ नका. तूसुद्धा नको. तिला कळत नाही गं कोण आपलं आणि कोण पाहुणं."

दातवालीला वाईट वाटलं. रविवारी तिकडे जायचं तिनं ठरवलंच होतं, चिमटीसाठी मासळीचा डबासुद्धा आणून ठेवला होता. तो तिनं केस कापणाऱ्या बाईला दिला, तिच्या दाराशी हल्ली एक भटकी मांजर येत असे.

मग पुढचे काही दिवस ती फक्त फोन करत राहिली. चिमटी आधी पलंगाखालीच चाटून पाणी प्यायली, मग रात्री सगळे झोपल्यावर तिनं थोडं खाल्लं, मग एका सकाळी ती मुकादमच्या मागोमाग अंगणात आली. त्याच संध्याकाळी दातवालीनं ताईला फोन लावला. भांडणानंतर दोघी पहिल्यांदाच बोलत होत्या. तिनं सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही.

ताईनं विचारलं, "आता जेवते का?"

"जेवते. आज ताटलीत काही ठेवलं नाही म्हणे."

"मग आपण नको जायला," ताई म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "तुझ्याकडे फोन आला की मला कळवत जा हं."