मुदत संपलेला व्हॉल्यूम

खंडेनवमीला सांगलीच्या स्कॅन सेंटरमधली सगळी यंत्रं हार घालून बंद बसली होती. सुकुमारकाकांनी मागच्या खोलीतलं बॅकअपचं मशीनसुद्धा सोडलं नाही. "तेबी राबतंय की वर्षभर," म्हणत त्याला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबून मोकळे झाले. आता दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. ते मशीन सांभाळणाऱ्या रूपालीनं तोंड उघडलं होतं. पण नैवेद्याच्या ताटापुढं तिचं कोण ऐकतंय?

तेवढ्यात काकांच्याच साताऱ्याच्या सेंटरमधून सृष्टीचा फोन आला. तिथं सणालाही काम चालू होतं.

"ताई, लालासाहेब आजोबांचा जुना सीटी स्कॅन पायजे. फुप्फुसात डाग दिसतोय. डॉक्टर म्हणतात, जुनाच असंल तर काय न्हाई. नवा असंल तर सुई घालून तुकडा काढायचा."

"त्यांना सीडी दिली होती ना?"

मागून खणखणीत फौजी आवाज आला. "हुती की! शाळवाच्या रानात टांगली, पाखरं हाकलायला. लय चकाकत हुती!"

रूपालीला हसू आलं, पण नजर मागच्या खोलीकडं गेली. साताऱ्याला फक्त ताजे स्कॅन राहायचे. जुने असतील तर ते इथंच, हारामागं. तिनं सृष्टीला तसं सांगितलं.

"मग मशीन चालू करायचं, एवढंच की," सृष्टी म्हणाली.

एवढंच असतं तर! त्या डिस्कवर बॅकअपच्या मोठमोठ्या फायली होत्या. त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. लोणच्याच्या बरण्यांसारख्याच. एक भरली की दुसरी, आणि सगळ्या भरल्या की सर्वांत जुनी रिकामी करून तिच्यात नवं. फरक इतकाच, की बाई बरणी ओतण्याआधी वास घेऊन बघते. मशीन फक्त मुदत बघतं. आजोबांचा स्कॅन सर्वांत जुन्या व्हॉल्यूममध्ये होता, त्याची मुदत संपलेली होती, आणि साताऱ्याचे सकाळपासूनचे बॅकअप दाराशी ताटकळत होते. मशीन जागं झालं की ते आत घुसणार आणि पहिली तीच बरणी ओतली जाणार.

रूपाली खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी मागच्या खोलीत गेली.

"अगं, हारातलं मशीन हाय ते!" काका धावत आले.

"हार राहू दे की काका. मी मागनं हात घालते."

"देवाला काय सांगू?"

"पेशंट आलाय म्हणून सांगा."

आधी तिनं नेटवर्कची वायर उपटली. मग बटण दाबलं. पंख्यानं झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या, काकांनी डोळे मिटले. तो व्हॉल्यूम शाबूत होता. तिनं त्यावर 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण केली, व्हॉल्यूम बंद करून पुन्हा उघडून ती खूण बघितली, तरी मन भरेना. पुन्हा एकदा बघितली. मग वायर जोडली.

ताटकळलेले बॅकअप आत आले, पण बाकीच्या बरण्यांची मुदत अजून संपली नव्हती; जागा मिळेना म्हणून ते लाल ओळींनी ओरडायला लागले. ओरडा, ती म्हणाली. स्कॅन मुंगीच्या पावलानं साताऱ्याकडं निघाला. पोचला. नंतर फोन गप्प. तिनं स्वतःच लावला, तर उचलेनात. काकांनी प्रसादाचं ताट पुढं केलं. तिनं ते तसंच टेबलावर ठेवलं.

मग सृष्टीचा फोन आला. "ताई, डाग तेवढाच हाय! केसाचाबी फरक न्हाई!"

"आवं, फौजेतल्या गोळीचा तुकडा असंल त्यो जुना," मागून लालासाहेब म्हणत होते. "मला इचारलं असतं तर!"

"त्यांना म्हणावं, आजोबा, पाखरांसाठी दुसरं काहीतरी टांगा," रूपाली म्हणाली आणि डोळे पुसले.

पडद्यावर लाल ओळी वाढतच होत्या. मशीन रिकामा व्हॉल्यूम मागत होतं. रिकामा करावा म्हणून तिनं पुढचा जुना उघडून आतली नावं बघितली. पाटणची कुणी दीपमाला, कुंडलचे कुणी नाथाजी. तिचा हात तिथंच थांबला.

"काका, नवी डिस्क लागणार."

"आज? दुकानं कुठली उघडी?"

"तुमी चप्पल तर घाला. मी शोधते."

काका पुटपुटत चप्पल घालायला लागले.