बिनचारीच्या झेंड्या

रंगनाथ कोल्हारजवळच्या पाटाच्या चौकीत पाणी सोडणारा पाटकरी म्हणून आला तो बहात्तरच्या दुष्काळात, आणि आला तोच मुळी सगळ्यांना शिस्त लावायच्या हौसेने. पाटाच्या काठाने, शेतात पाणी नेणाऱ्या प्रत्येक चारीच्या तोंडाशी एक झेंडी असे. झेंडी वर, तर त्या चारीला पाणी. खाली, तर बंद. झेंडी हलवली की चौकीतल्या फोनचा दांडा फिरवून वरच्या चौकीला नुसता आकडा सांगायचा. शेत कोणाचं, पीक कसलं, हे तिकडचा आवाज कधी विचारत नसे, आणि तो आवाज कोणाचा, हे रंगनाथनेही कधी विचारलं नाही.

बाभळींच्या आड मात्र तीन झेंड्या अशा होत्या, की त्यांच्याखाली ना चारी, ना शेत. "त्यान्ला हात लावू नगा," एवढंच जुना पाटकरी कानिफनाथ जाताना म्हणाला होता. का, ते त्याला तरी कुठे ठाऊक होतं! त्याच्या आधीच्यानेही त्याला तेवढंच सांगितलं होतं. असली अडगळ रंगनाथच्या डोळ्यांत खुपणारच. एका सकाळी त्याने त्यांतली अठरा नंबरची झेंडी उपटली आणि फोन लावला.

"अठरा खाली."

"बंद केलं," आवाज म्हणाला.

पाटाचं पाणी तसूभरही कमीजास्त झालं नाही. रंगनाथ स्वतःवरच खूश होत घरी जेवायला गेला, तर अंगणात त्याची बायको चांगुणा तांब्या घेऊन उभी, आणि त्यांची एकुलती एक पोर साळू पाणी पीत होती, संपवून पुन्हा मागत होती.

"अवो, सकाळधरनं पितीय. तहान भागतच न्हाई तिची."

दुसऱ्या दिवशी पोरीचं पोट तट्ट फुगलं आणि ओठ मात्र उन्हाळ्यातल्या जमिनीसारखे भेगाळले. डॉक्टरने हात टेकले. शेजारची गोजरबाई बिचारी रात्रंदिवस उशाशी बसून साळूच्या ओठांवर ओला बोळा फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीची जीभ हलेनाशी झाली तेव्हा रंगनाथला एकदम झेंडी आठवली. तो अनवाणीच पळत सुटला, झेंडी रोवली, दांडा फिरवला.

"अठरा वर! चुकलो साहेब, वर घ्या!"

"घेतो की," आवाज शांतपणे म्हणाला. "मग खाली कोणती? पाणी तेवढंच आहे."

रंगनाथने खिडकीतून बाभळींकडे पाहिलं. एकोणीस. वीस. कोणाच्या, देव जाणे. विचारावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पोरगी डोळ्यांपुढे आली आणि त्याने ते गिळलं.

"एकोणीस खाली."

"बंद केलं."

तो घरी पोचला तेव्हा साळू गाढ झोपली होती, ओठ ओलसर. चांगुणा रडत रडत हसत होती. रंगनाथला इतका आनंद झाला, की त्याने देवापुढे साखर ठेवली आणि कोणी न सांगता नाक घासलं.

दुपारी गोजरबाई दारात आली. काखेत रिकामी घागर.

"भाऊजी, जरा पानी द्या. आमच्या पोराला, गहिनीला, सकाळधरनं काय झालंय कुनास ठाऊक, पितोय, पितोय, भागतच न्हाई."

चांगुणाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. रंगनाथ उठला, आणि गोजरबाईची घागर त्याने स्वतःच्या हाताने काठोकाठ भरून दिली.

"आनखी लागलं तर न्या, वैनी," तो म्हणाला. "पान्याला आमच्याकडं कमी न्हाई."