फाटकावरची ओळख

दाक्षायणीबाई परत आल्या त्याला आठवडा झाला, तरी शेजारच्या श्रीदेवीनं त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत दोघींची घरं एकमेकींना लागून. बाईंना मूलबाळ नव्हतं. शाळेत होत्या तोवर वर्गभर पोरं होती. निवृत्त झाल्या, पुढं नवराही गेला, आणि बोलायला माणूस म्हणून एक श्रीदेवी उरली. संध्याकाळी यायची, "अक्का, चहा टाक की" म्हणायची आणि दिवस मार्गी लागायचा.

ईशान्येकडच्या एका राज्यात दोन समाजांत पेटलं होतं. घरं जळाली होती, माणसं छावण्यांत जाऊन पडली होती. टीव्हीवर रोज आरडाओरडा चालायचा, पण त्यातून बाईंना काही उमगेना. वर्गात एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं, तरी त्या आधी दोघांना वेगवेगळं बसवून ऐकून घ्यायच्या. म्हणून त्यांच्याच शाळेतल्या यशपाल सरांनी शांतीसाठी तिकडं जाणाऱ्या गटात याल का, असं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

श्रीदेवीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिचा शिवपुत्र जवान होता आणि त्याची नेमणूक त्याच भागात होती.

"देव पावला गं अक्का! माझं पोरगं भात खाऊन लई वैतागलंय," ती म्हणाली. तिनं कडक भाकऱ्या केल्या, शेंगांची चटणी कुटली आणि सगळं फडक्यात बांधून दिलं. "त्याच्या हातात दे. डोक्यावरनं हात फिरव, माझा म्हणून."

"तो तिथं सुखरूप आहे ना?"

"व्हय की! रोज सांगतो, हितं सगळं शांत हाय म्हणून."

गाडीत यशपाल सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, "तिथं आपण कुणाचे नातलग नाही. आपण एका बाजूचे आहोत अशी शंका आली, की समोरचा माणूस गप्प होतो. मग गेलो काय आणि न गेलो काय." बाईंना ते पटलं होतं.

छावणी एका शाळेत होती. बाकं जोडून त्यांवर माणसं झोपत होती. फाटकाशी वाळूच्या पोत्यांची भिंत रचलेली, आणि तिच्याआड बंदूक घेऊन उभा होता शिवपुत्र. लहानपणी बाईंच्या ओट्यावर पाढे म्हणणारा. वाळला होता.

"काकू!" तो एकदम म्हणाला.

आतल्या पटांगणात बायका दाटीनं उभ्या होत्या. त्यांचे डोळे आधी त्याच्याकडे गेले, मग बाईंकडे. या वर्दीवर त्यांचा विश्वास नव्हता, हे सांगायला दुभाष्याची गरज नव्हती. बाईंच्या हातात ते फडकं होतं. पाय क्षणभर अडखळले. मग त्यांनी नजर समोर धरली आणि त्या आत गेल्या.

आत गेल्यावर त्या भाकऱ्यांचं काय करायचं ते कळेना. भोवती पोरं जमली. बाईंनी फडकं सोडलं. पोरं भाकरी पापडासारखी कडाकडा मोडू लागली, चटणीनं तोंड भाजलं म्हणून नाचू लागली. ते बघून एक बाई हसली, जवळ येऊन बसली. मग दुसरी आली. दुपारभर त्या बोलत राहिल्या. जळलेल्या घरांचं, परत न आलेल्या माणसांचं. बाई ऐकत होत्या, आणि मन मात्र फाटकाशी घुटमळत होतं. बाहेर पडल्या तेव्हा पहारा बदलला होता.

आठव्या दिवशी श्रीदेवी आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"पोरानं हाक मारली म्हणं. तू ओळख दिली न्हाईस."

बाईंनी मान खाली घातली.

"आन् भाकरी?"

"मुलांनी खाल्ली. तिथल्या."

"माझ्या पोराच्या तोंडचा घास!" श्रीदेवीचा आवाज चिरकला. "परक्यांची दुःखं ऐकायला गेलीस आन् घरचं पोर दिसलं न्हाय तुला?"

बाई काही बोलायच्या आत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शिवपुत्राला फोन लावला. माफी मागायची होती.

"काकू, तुम्ही केलं ते बरंच केलं," तो म्हणाला. "हाक मारली आणि माझं मलाच कळलं, चुकलं म्हणून. त्या बायका तुमच्याशी एक शब्द बोलल्या नसत्या. आदल्याच दिवशी आमच्यावर दगड आले होते. माझ्या शेजारचा गडी अजून दवाखान्यात आहे."

"मग हे तुझ्या आईला सांग की रे. ती बोलत नाही माझ्याशी."

पलीकडे त्यानं आवाज खाली आणला.

"अव्वाला काय सांगू? ओळख द्यायचीही सोय नाही अशा जागी उभा आहे म्हणून? ती अन्न सोडेल, काकू. तिला शांत आहे असंच वाटू दे. तुमच्यावर रागावली तर रागावू दे."

बाईंनी "बरं" म्हटलं. पोरगा लहानपणी पाढा चुकला की असाच हळू आवाजात बोलायचा.

संध्याकाळी त्या गच्चीवर वाळवण काढत होत्या. कठड्यापलीकडून श्रीदेवी आली. डोळे सुजलेले.

"अक्का, रातभर विचार केला मी. तू उगाच असं करणारी न्हाईस. कायतरी कारण असंल. तितं भ्या हाय का? खरं सांग, पोरगं माझ्यापासून कायतरी लपवतंय का?"

तिचा हात कठड्यावर होता, बाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर. एक वाक्य बोललं असतं तर दोघी तिथंच गळ्यात पडून रडल्या असत्या.

"कारण कसलं?" बाई म्हणाल्या. "यशपाल सर पुढं निघून गेले होते. मी घाईत होते, लक्ष गेलं नाही. तिथं सगळं शांत आहे."

श्रीदेवीचा चेहरा आधी सैल झाला. मोठा श्वास सुटला. मग तोच चेहरा हळूहळू आवळत गेला.

"घाईत!" ती म्हणाली. "दोन पावलं थांबायला झालं न्हाय तुला. ऱ्हाऊ दे. आता आमच्या दारात येऊ नकोस."

ती जिना उतरून गेली. थोड्या वेळानं खालून तिचं बोलणं ऐकू आलं. पोराचा फोन आला असावा. "जेवलास का? व्हय, सांगितलं तिनं, शांत हाय म्हणून," आणि मग कितीतरी दिवसांनी तिचं मोकळं हसू.

बाई वाळवणाशेजारी बसून राहिल्या. ते हसू थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत.