नाव न घेता शुभेच्छा

माझ्या सासऱ्यांचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. उगाच आशेवर राहू नका. सव्वीस वर्षं टीव्हीवर लोकांना हसवतेय. स्वतःच लिहिते, स्वतःच करते. मंत्र्यांच्या नकला करून झाल्या, दोनदा चॅनेलवरून हाकलूनही झालं. पण ते नाव या तोंडातून कधी निघालेलं नाही. किरगिझ सून आहे मी, सासरच्या थोरांचं नाव घेत नाही म्हणजे नाही. आणि गंमत अशी, की माझं सगळं बस्तान त्या न घेतलेल्या नावावरच बसलंय.

आमच्या नारीन गावात तेव्हा एक छोटं चॅनेल होतं. म्हणजे एक खोली, एक कॅमेरा, तो धरणारा मेलिस, एक फोन आणि मालक तुर्दुबेक साहेब. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी शुभेच्छा वाचायचे. अमक्याला मुलगा झाला, तमक्याची साठी, त्यांच्यासाठी हे गाणं. सगळं थेट. वाचता वाचता मला काहीतरी सुचायचं आणि मी ते बोलून टाकायचे. गाव हसायचं, साहेब लाल व्हायचे.

"बुरुल, चिठ्ठीत जे लिहिलंय तेच वाचायचं," ते म्हणाले होते. "आणखी एकदा शहाणपणा केलास, की कायमची घरी."

आणि घरी माझ्या सासूबाई, आपा, त्याचीच वाट बघत होत्या. सुनेनं चहा ओतावा आणि तोंड मिटावं, हा त्यांचा कायदा. पंगतीत मेंढीचं मुंडकं आलं की आपा आधी जीभ बाजूला काढायच्या. "हिला जीभ वाढू नका हं! आहे तीच आवरत नाही." सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. काय करणार?

सासरे हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. ते तालुक्याचे गुरांचे डॉक्टर. घोड्याशी तासभर गप्पा मारतील, पण माझ्याशी नऊ वर्षांत दोनच शब्द: "चहा" आणि "पुरे".

त्यांची सत्तरी शुक्रवारीच आली. घरी चाळीस पाहुणे. मी म्हटलं, सहाला वाचते आणि सातला पंगतीला हजर होते.

"जा," आपा म्हणाल्या. "पण सगळे टीव्हीसमोरच बसणार आहेत, ध्यानात ठेव. आमची शोभा केलीस, तर उद्यापासून गोठा."

चार चिठ्ठ्या झाल्या. गाणं सुरू असताना साहेबांनी पाचवी माझ्या हातात कोंबली. कुरणावरच्या मेंढपाळांनी पाठवलेली. वर ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासकट, माझे सासरे!

"साहेब, मला नाही वाचता येणार. सासरे आहेत माझे!"

"टीव्हीवर सासरे-बिसरे कोणी नसतात. वाच!"

"मग तुम्ही वाचा ना."

"मी? बनियनवर?" दिव्यांच्या उकाड्यानं साहेब नेहमी बनियनवर असायचे. "आणि मेलिस कॅमेरा सोडणार का? नाव वाचलं नाहीस तर शुभेच्छा कसल्या? वाच, नाहीतर पर्स उचल आणि चालू लाग."

घ्या! नाव घेतलं तर गोठा, नाही घेतलं तरी गोठाच. गाणं संपलं, लाल दिवा लागला.

"आज एकांना सत्तर वर्षं पूर्ण झाली," मी म्हटलं. "त्यांचं नाव मला घेता येत नाही. का, ते बायकांना कळलंच असेल."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मारा म्हटलं, आता काय!

"पण ओळखाल तुम्ही. गाईला सुई टोचतात आणि स्वतः डोळे मिटतात, ते. ज्यांची टोपी एका बैलानं खाल्ली आणि ज्यांनी बैलाचंच पोट तपासलं, ते. बारा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, मोटारसायकलच्या साइडकारमध्ये मेंढीला गोधडी पांघरवून बसवून आणलं आणि बायकोला सहा किलोमीटर मागून चालवलं, ते!"

फोन वाजला. मेलिसनं एका हातानं कॅमेरा धरून दुसऱ्यानं उचलला आणि ओरडला, "विचारतायत, गुरांचे डॉक्टर का?" त्यानं नावही घेतलं, चांगलं खणखणीत.

"तेच! अगदी तेच!" मी टाळ्या वाजवल्या.

मग फोन थांबेना. एक म्हणे माझ्या घोड्याला त्यांनी गाणं म्हणून झोपवलं, दुसरी म्हणे आमच्या शेळीचं बारसं केलं. मेलिस हसतोय, कॅमेरा हलतोय, सगळं नारीन माझ्या सासऱ्यांचं नाव घेतंय, आणि मी एकटीच नाही! काय सांगू, अंगात नुसतं वारं शिरलं होतं.

पुन्हा फोन. या वेळी मेलिसचा चेहरा उतरला. "बुरुल, तुझ्या घरून."

साहेब धावले आणि माइक फोनला लावला. आपण बनियनवर कॅमेऱ्यात आलोय याचं भानही त्यांना राहिलं नाही.

"मेंढीबद्दल सांगायचंय," सासऱ्यांचा आवाज. "ती आजारी होती. तुझी आपा ठणठणीत होती."

मागून आपांची किंकाळी आली आणि फोन बंद.

घरी पोचले. चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. आपांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी किटली उचलली.

"ठेव ती," सासरे म्हणाले. "इकडे ये."

त्यांच्यासमोर मुंडक्याचं ताट होतं. कान नातवंडांना गेले होते, बाकीचंही वाटून झालं होतं. शेजारी एक वाडगा भाकरीनं झाकलेला. त्यांनी भाकरी उचलली. आत जीभ होती, अख्खी.

"अहो, सुनेला जीभ?" कोणीतरी म्हणालं.

"नऊ वर्षं आहे ती या घरात," सासरे म्हणाले. "आज पहिल्यांदा बोलली माझ्याबद्दल. खा, पोरी. पुढच्या शुक्रवारी परत बोलायचंय तुला."

मी उभ्याउभ्याच खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडात घास, समोर चाळीस माणसं. तेवढ्यात आपांनी रश्शाचा वाडगा माझ्यापुढे आदळला.

"कोरडं खाऊ नकोस, घशात अडकेल. आणि शुक्रवारी नीट सांग. बारा किलोमीटर होते, सहा नव्हेत!"